गुहेले क्रियापद समजते

मी तिसऱ्या मजल्यावर राहते आणि लिफ्ट येणार आहे. मी इथे आले तेव्हापासून ती येतेच आहे. तिच्यासाठी भिंतीत ठेवलेल्या भगदाडाला सध्या प्लायवूड ठोकलंय आणि त्यावर कोणीतरी कोचिंग क्लासची जाहिरात चिकटवली आहे. अकोल्याला माझ्या घरी मोरीत पाय घसरला, मांडीचं हाड मोडलं, आत स्टीलची पट्टी बसवली, आणि मुलाने मला अमरावतीला आपल्या फ्लॅटवर उचलून आणलं. उचलून म्हणजे खरोखरच उचलून. प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, चौघांनी मिळून, बेचाळीस पायऱ्या. नवरीलाही एवढ्या मानाने कोणी घरात आणत नाही. या गोष्टीला पाच महिने झाले. डॉक्टरकडे नेतात तेही त्याच खुर्चीतून. माझ्या स्वतःच्या पायांनी मी अजून जमिनीवर उतरलेले नाही.

मुलगा वाईट नाही, हीच तर अडचण आहे. वाईट असता तर भांडले असते. नांदगाव पेठेत कापडाच्या कारखान्यात तो नोकरी करतो आणि घरी आला की माझ्यासाठी धोके शोधतो. संडासात दांड्या लावल्या, पायाला अडकतात म्हणून चटया उचलल्या, गॅसपाशी मला फिरकू देत नाही. एका दुपारी जेवताना म्हणाला, "आई, अकोल्याचं घर भाड्यानं देऊन टाकू. बँकेतला माणूस आहे, कुटुंब चांगलं आहे. पुढच्या महिन्यात राहाले येतो म्हणते."

"अन् मी?"

"तू इथंच. तुले काय कमी आहे इथं?"

"जमीन," मी म्हटलं.

"शेत त काकानं कवाच विकलं, आई."

अशा माणसाशी काय बोलणार? पण मी सोडलं नाही. म्हटलं, "या बेचाळीस पायऱ्या मी एकटीनं उतरली अन् चढली, त?"

तो हसला. "त मीच नेऊन सोडतो तुले अकोल्याले. त्या बँकवाल्याले नाही म्हणून टाकतो."

असं हसून वचन देणाऱ्याला पक्की खात्री असते. मलाही त्याच्याइतकीच होती. त्या दिवसापासून मी रोज दाराबाहेर उभी राहून जिना पाहून यायची. खाली वाकून पाहिलं की कठडे एकात एक घुसलेले दिसतात आणि सगळ्यात खाली एक चौकोनी उजेड, रुमालाएवढा. तेवढा पाहिला की मी घरात परत.

शनिवारी दुपारी घरात कोणी मोठं माणूस नसतं. सूनबाई शाळेत शिकवायला, मुलगा कामावर. नात कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या तीन मैत्रिणी येतात आणि चौघी हॉलमध्ये फतकल मारून एक खेळ खेळतात. पहिल्यांदा मी दारात जाऊन उभी राहिले तेव्हा नात मला समजावून सांगू लागली, मोबाईलचं समजावतात त्याच आवाजात: "आजी, हे बघ. मी गोष्ट सांगते. या तिघी गोष्टीतली माणसं आहेत. गुहा असते, राक्षस असतात, जादू असते. काय करायचं ते यांनी तोंडाने सांगायचं आणि ते जमलं की नाही ते हा वीस बाजूंचा फासा ठरवतो."

मी सगळं शहाण्यासारखं ऐकून घेतलं. मग म्हटलं, "सध्या कुठं आहात?"

"एका बंद दारासमोर."

"मंग दाराले कान लावला का आधी? उंबऱ्याखाली सापळा पाहिला?"

चौघींची तोंडं पाहण्यासारखी झाली. त्यातली एक, जिच्या घरच्यांचं बांगड्यांचं दुकान आहे, म्हणाली, "या खुदा, दादी तो खिलाडी निकली."

खिलाडी कसली. चाळीस वर्षांपूर्वी अकोल्याला मी या खेळात जे दिवे लावले ते ऐकाल तर मला हॉलमध्ये बसू देणार नाही.

तेव्हा मी नवी सून होते. बी.ए. मराठी, आणि ते चेहऱ्यावर लिहून फिरत होते. माझा धाकटा दीर इंजिनियरिंगला होता. वसतिगृहातल्या त्याच्या मित्राचा मामा परदेशात, त्याने पाठवलेलं या खेळाचं पुस्तक. आमच्यापर्यंत पोचली ती त्याच्या झेरॉक्सची झेरॉक्स. अकोल्याचा उन्हाळा. दुपारी खिडक्यांना ओली पोती, आतल्या खोलीत कुलरची घरघर, आणि सुनेने बाहेरच्या ओट्यावर दिसायचं नाही हा सासूबाईंचा नियम. उन्हाळ्यात तो उन्हासाठी होता, हिवाळ्यात कशासाठी होता ते मी कधी विचारलं नाही. दीर, मी आणि शेजारची माझ्याच वयाची मुलगी, असे आम्ही तिघं खेळायचो. तिच्या घरी गाद्या-रजया भरायचं काम होतं. ती मागच्या दाराने यायची, केसांत कापूस घेऊन. फासा नव्हता म्हणून दिराने वीस चिंचोक्यांवर चुन्याने आकडे घातले आणि ते पितळी तांब्यात टाकले. डोळे मिटून एक काढायचा.

त्या पुस्तकातली चित्रं आठवली तर अजून अंग शहारतं. सगळी काळ्या शाईची. माणसं इवलीशी, पाठमोरी, हातात एक मशाल. मशालीचा उजेड परातीएवढा आणि बाकी सगळा अंधार. माणसांना चेहरेच नसत. चेहरा फक्त राक्षसाला. कोणी जिंकतंय असं चित्र मी एकही पाहिलं नाही. फार तर कोणी अजून मेलेलं नसे. त्यात झेरॉक्स यंत्राने आपल्या मनाने भर घातलेली. एका पानावर कोपऱ्यात एक भलामोठा काळा आकार होता, त्याला डोळे नाहीत, तोंड नाही. दिराने त्याची ताकद ठरवली आणि आम्ही दोन दुपारी त्याच्याशी लढलो. शेजारणीने तिथे आपला एक हात गमावला. पुढे मूळ पुस्तक पाहिलेला तो मित्र घरी आला तेव्हा कळलं, तो राक्षस नव्हता, यंत्राची शाई सांडली होती.

आणि बायका! त्या चित्रांत बायका होत्या, पण कपडे फार नव्हते. अर्ध्या जणी खांबाला बांधलेल्या. मामंजींच्या हाती पान पडलं तर काय, या भीतीने मी निळा बॉलपेन घेतला आणि एकीएकीला लुगडं नेसवलं. डोक्यावर पदर काढला. एका चेटकिणीला तर मंगळसूत्रसुद्धा घातलं. केवढी धन्य समजले मी स्वतःला! खांबाची दोरी मात्र एकीचीही खोडली नाही. सुचलंच नाही. पेन हातात होता, आणि एवढी शिकलेली बाई मी.

माझ्या वीरांगनेला मी जे नाव दिलं होतं ते सांगत नाही, अजून लाज वाटते. अकरा अक्षरी होतं. ती बोलायची ग्रांथिक. राक्षस समोर आला की मी सुरू करायचे, "हे नराधमा, क्षणभर थांब आणि..." दीर शांतपणे म्हणायचा, "वहिनी, तुमचं होऊ द्या. त्याचं जेवण झालं." मी मरायचे. पुन्हा नवी वीरांगना, पुन्हा तेच नाव, पुढे 'दुसरी' लावून. असं 'पाचवी'पर्यंत गेलं. त्या खेळात मरण इतकं सोपं होतं की रडायलाही कोणी थांबत नसे. आणि एक नियम सगळ्यात कडक: तोंडातून निघालं ते झालं. शब्द मागे घेता येत नाही.

ती पाचवी मात्र टिकली. सहा आठवडे टिकली. शेवटी आम्ही दोघी गुहेच्या तोंडाशी पोचलो. वर दगडाची झडप, समोर बाहेरचं ऊन, आणि दारात एक आंधळा म्हातारा राखणदार, ज्याने आम्हाला वाट दाखवली होती. शेजारीण म्हणाली, "खुदा हाफिज, चाचा." आणि गेली बाहेर. आता मी घरंदाज सून, निरोप न घेता कशी निघणार? मी हात जोडले आणि आपल्या वऱ्हाडी बायका म्हणतात तसं म्हटलं, "बरं बाबा, येतो."

दिराने पेन खाली ठेवला. "आल्या?"

"काय आल्या?"

"येतो म्हणाल्या ना तुमी? मंग आल्या. आत. झडप पडली."

"भाऊजी, दारातून निघताना 'जातो' म्हणते काय कोणी? अशुभ! आईनं शिकवलं नाई काय तुमाले?"

"मले शिकवलं. गुहेले कोणी शिकवलं? गुहेले शुभ-अशुभ समजत नाई, वहिनी. गुहेले क्रियापद समजते."

शेजारीण हसून हसून गादीवर लोळली. मी दोन दिवस भांडले. शेवटी दिरालाच कीव आली. म्हणाला, "बरं, एक डाव तोंडानं 'जातो' म्हणा. मी झडप उचलतो." एक शब्द! पण पलीकडच्या खोलीत सासूबाई जाग्या होत्या, आणि भरल्या घरात बसून सुनेने "मी जातो" म्हणायचं? माझ्या जिभेने ऐकलंच नाही. मी मान हलवून नाही म्हटलं. पुढच्या महिन्यात दिराला दूर नोकरी लागली, कागदांचा गठ्ठा तो घेऊन गेला, आणि सहा आठवडे जीव मुठीत धरून दारापर्यंत आलेली ती बाई एका शिष्टाचारापायी आतच राहिली. राक्षसाने खाल्लं असतं तर निदान सांगायला बरं वाटलं असतं.

हे सगळं ऐकून नातीच्या मैत्रिणी हसल्या. नात हसली नाही. म्हणाली, "आजी, आमच्यात असं होतच नाही. मी आधी विचारलं असतं, 'तुला नक्की आत यायचंय का?'"

खरंच, आता सगळं विचारून करतात. तिची पुस्तकं मी मांडीवर घेऊन पाहिली. जाड गुळगुळीत कागद आणि रंग तर असे की लग्नातला शालू फिका पडावा. अंधार असा नाहीच. गुहेतही कुठून तरी सकाळचं ऊन येतं. वीर आता पाठमोरे नसतात. समोर उभे, प्रत्येकाला चेहरा, प्रत्येकाच्या चेहऱ्यावर काही दुःख, काही गंमत. बायकांच्या अंगावर गळ्यापासून टाचेपर्यंत चिलखत, आणि त्याला खिसे. मी खिसे मोजले. एका पानावर सगळे शेकोटीभोवती बसून किटलीतला चहा पीत होते आणि त्यांच्यात शिंगं असलेला एक राक्षसही कप धरून होता, बिचाऱ्याला कोणी प्रेमाने वाढलं नसावं असा. एका चित्रात काठी घेतलेली म्हातारी होती. राखणदार नाही, चेटकीण नाही. वीरांपैकीच एक. ते पान मी जरा जास्त वेळ उघडं ठेवलं.

मी काही 'जुनं ते सोनं' म्हणणाऱ्यांतली नाही. जुन्यात मी खांबाला बांधलेली होते, तेही लुगडं नेसून.

मला खेळात घ्यायचं ठरलं तेव्हा नातीने वही उघडली. "सुरू करायच्या आधी प्रत्येकीने सांगायचं, खेळात काय नको. जे नको ते येणार नाही." एक म्हणाली, कोळी नकोत. एक म्हणाली, लहान बाळ मरायला नको. बांगडीवाल्यांची पोर म्हणाली, "एक्झाम नको. कोणत्याही राजाच्या दरबारात एक्झाम नको." मग नात माझ्याकडे वळली. "आजी, तुला काय नको?"

पासष्टी आली तरी हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी पाणी मागितलं, प्यायले आणि म्हटलं, "जिना."

त्या हसल्या, पण तिने लिहून घेतलं. आणि पोरगी शब्दाची पक्की. तीन शनिवार मी अशा राज्यात हिंडले जिथे एकही पायरी नव्हती. किल्ले उतारावर बांधलेले. मनोऱ्यात जायला टोपली आणि दोर. पाताळातसुद्धा घसरगुंडीने. माझी म्हातारी काठी टेकत राक्षसांना टोमणे मारत फिरायची आणि तिला ओरखडाही येत नव्हता. पहिला शनिवार मी स्वर्गात होते. दुसऱ्याला जरा कंटाळले. तिसऱ्याला ध्यानात आलं की हे राज्य मी पाहिलेलं आहे. चटया उचललेलं, दांड्या लावलेलं, गॅसपाशी फिरकू न देणारं. बापाचीच लेक. घराचा भाडेकरू आता दहा दिवसांवर आला होता.

चौथ्या शनिवारी मी म्हटलं, "जिना घाल."

"नक्की, आजी?"

"नक्की. बेचाळीस पायऱ्या."

तिने घातला. दर पायरीला फासा. ती पुठ्ठ्याच्या आडोशामागे फासा टाकायची आणि सांगायची, "जमलं." पुन्हा, "जमलं." सलग अकरा वेळा जमलं. मी बी.ए. मराठी असले तरी एवढं गणित मला येतं. मी काठीच्या टोकाने पुठ्ठा पाडला. फाशावर दोन होते.

"हे काय व?"

"तुला लागलं असतं ना, आजी."

"मले, का त्या कागदावरच्या बाईले?"

तिने फासा उचलून मुठीत धरला. मग म्हणाली, "पप्पांनी सांगितलंय, तू जिन्याकडे गेलीस तर तुला बोलण्यात गुंतव म्हणून."

मला हसू आलं. मी म्हटलं, "माझा दीर मले तोंडावर मारून टाके. चार डाव मारलं. पण जेवढं वाचली, तेवढं मी वाचली."

"दादी सही बोल रही," बांगडीवाल्यांची पोर म्हणाली. "सामने फेंक."

नातीने समोर फासा टाकला. बारावी पायरी जमली, तेरावी जमली. एकोणिसाव्या पायरीला फाशावर एक आला आणि माझी म्हातारी पडली. चौघी माझ्याकडे पाहत राहिल्या, मीच पडले असल्यासारख्या.

"मेली का?" मी विचारलं.

"नाही. पण... हो, लागलं खूप."

"बरं," मी म्हटलं. "चप्पल दे माझी."

नात दाराला आडवी उभी राहिली. "आजी, आत्ता तूच पडलीस ना?"

"ते कागदावर. तिथं पडून झालं."

हे काही शौर्याने बोलले नाही. आणखी मिनिटभर बसले असते तर उठले नसते, एवढंच. नात दोन पायऱ्या पुढे, हात लावायचा नाही या बोलीवर. उतरताना दुखरा पाय आधी, चढताना चांगला पाय आधी, हे व्यायाम शिकवणाऱ्या बाईने घोकून घेतलं होतं. दुखरा पाय, काठी, चांगला पाय. दुसऱ्या मजल्यावर कोणाच्या तरी वरणाला फोडणी पडली आणि मला शिंक आली. कठडा असा धरला की नखं पांढरी. पहिल्या मजल्यावर घाम मानेवरून पाठीत उतरला. शेवटच्या सात पायऱ्या मी बसून उतरले असते, पण समोर इस्त्रीवाला पाहत होता.

खाली ऊन होतं. धूळ होती. एक ऑटो माझ्या पायावरून जाईल असा गेला आणि त्याने हॉर्नही वाजवला नाही. मला इतकं बरं वाटलं! इस्त्रीवाल्याने स्टूल दिलं. दहा मिनिटं बसले.

मग चढायला लागले. चांगला पाय आधी. चौदा झाल्या. अठ्ठावीस झाल्या. दुसऱ्या मजल्यावर मांडी थरथरायला लागली, थांबायचं नाव घेईना. मी पायरीवरच बसले. नात म्हणाली, "आता?" मी म्हटलं, "बस." तिघी मैत्रिणीही खाली येऊन बसल्या. अशी आमची वरात जिन्यात बसलेली असताना खालून हेल्मेट हातात घेऊन मुलगा आला.

आधी त्याचा चेहरा पांढरा झाला, मग लाल. "कोणं उतरवलं हिले?"

"कोणीच नाई. मी उतरली. सगळी. या पोरींले विचार."

"अन् चढली?"

"अठ्ठावीस."

तो माझ्या खालच्या पायरीवर बसला. हेल्मेटचा पट्टा बोटाला गुंडाळत म्हणाला, "आई, अट उतरून चढाची होती. चौदा राहिल्या."

मलाही तेच वाटत होतं. हरले, असंच वाटत होतं. चौदा पायऱ्या वर पाहिल्या आणि मग एकदम मनात आलं, मी एवढी बावळट कशी?

"अकोल्याच्या घराले पायऱ्या किती?" मी विचारलं.

"दोन."

"अन् इथून अकोल्याले जायले वर चढा लागते का खाली उतरा लागते?"

बांगडीवाल्यांच्या पोरीने तोंडावर ओढणी धरली.

"अट तू चुकीची घातली," मी म्हटलं, "अन् मी काही इचार न करता हो म्हटलं. ते माझं जुनंच आहे."

"मागच्या डावा दोन घंटे मोरीत पडून होती तू," तो हळू म्हणाला. "फोन बाहेरच्या खोलीत वाजत होता. मीच करून राहिलो होतो. मले अजून ऐकू येते तो."

हे त्याने कधी सांगितलं नव्हतं. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. केस विरळ झालेत. "फोन गळ्यात बांधीन," मी म्हटलं. "मोरीत दांड्या लाव. शेजारणीपाशी किल्ली ठेव. पडली त पडली, बापा. इथंही मी पडूनच आहो, गादीवर."

"बँकवाल्याले काय सांगू?"

"सांग, घरात मालकीण राहते."

त्याने नाक पुसलं. "बरं. वर चल आता. उद्या सकाळी नेतो."

"वर नाई. वर गेली की तुझी बायको चहा करन, तू गोड बोलशीन, अन् माझं मन मऊ होईन. माझी बॅग आण, अन् भाड्याची गाडी बोलव. गोळ्या फ्रिजवर आहेत. सूनबाईले मी गाडीतून फोन करतो."

तो उठला. नातीकडे पाहिलं, ती आधीच वर पळत सुटली होती. तोही गेला, एकेक पायरी सोडून, लहानपणी चढायचा तसा. मी काठी टेकून उभी राहिले. मांडी अजून थरथरत होती. उतरायच्या अठ्ठावीस होत्या. मी कठडा धरला आणि दुखरा पाय आधी टाकला.